कृष्णधवल फोटो छापताय? आधी कागद ठरवा

कृष्णधवल प्रिंटमध्ये सगळी भिस्त काळ्यावर. मॅट कॉटन कागदावर, उदाहरणार्थ हानेम्यूलेच्या 308 जीएसएम फोटो रॅगवर, काळ्याची घनता साधारण 1.6-1.7 पर्यंत जाते. चांगल्या बरायटावर, म्हणजे बेरियम सल्फेटचा थर असलेल्या कागदावर, 2.2 च्याही पुढे. म्हणून रात्रीचे रस्ते, पावसात भिजलेले कातळ बरायटावरच छापावेत. धुकं किंवा सुरकुतलेला चेहरा मात्र मॅटवर काय सुंदर उतरतो! साधा ग्लॉसी मी टाळतो: पिगमेंट शाईचा प्रिंट तिरका धरला की गडद भागावर तांबूस झाक दिसू शकते.

मॅटला मॅट ब्लॅक शाई, बरायटाला फोटो ब्लॅक. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये मीडिया टाइप (कागदाचा प्रकार) चुकीचा निवडला की काळा फिका पडतो.

अतिशुभ्र कागदातले ब्राइटनर (पांढरेपणा वाढवणारी रसायनं) काळानुसार क्षीण होतात आणि पांढरा पिवळट दिसू लागतो. घेण्याआधी अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा; कागद निळा चमकला तर ब्राइटनर आहेत.