जुनं कपाट घेताना मागून बघा

आज कपाटाविषयी बोलूया.

लग्नसराई जवळ आली की आमच्या बचत गटांच्या बैठकीत जे कर्जाचे अर्ज येतात, त्यांत शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी यांच्याबरोबर एक कपाट हमखास असतं. नवं, आरसा लावलेलं, चकचकीत. आणि पुष्कळदा ज्या घरातून हा अर्ज येतो, त्याच घरातलं सासूबाईंचं सागवानी कपाट किंवा आजेसासूची पेटी त्याच आठवड्यात भंगारवाल्याच्या गाडीवर चढलेली असते. इकडे नव्या कपाटाचे हप्ते फिटायच्या आत त्याचा तळ फुगायला लागतो. कारण ते लाकूड नसतंच. लाकडाचा भुसा चिकट द्रवात कालवून, दाबून केलेली ती फळी असते. तिला पार्टिकल बोर्ड म्हणतात. वरून नुसता लाकडाच्या नक्षीचा कागद. फरशी पुसताना कडेतून पाणी आत गेलं की भुसा फुगतो, आणि फुगलेला भुसा पुन्हा बसत नाही. बिजागरीचा स्क्रू एकदा भोक मोठं करून निसटला की तिथे परत घट्ट धरत नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं, की अर्ज लिहिण्याआधी एकदा जुन्या सामानाकडे बघा. आधी स्वतःच्या घरातल्या, मग बाजारातल्या.

बाजारात गेलं की पहिला शब्द कानावर पडतो तो ‘अँटिक’. पुण्याचा जुना बाजार असो, मुंबईचा चोर बाजार असो की जोगेश्वरीचं ओशिवरा मार्केट, विकणारा प्रत्येक वस्तूला अँटिकच म्हणतो. आपल्या देशात १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे, त्यात अशा वस्तूला निदान शंभर वर्षांची अट आहे. पन्नास-साठ वर्षांचं कपाट जुनं म्हणायचं, चांगलंही म्हणायचं, पण ‘अँटिक’ या एका शब्दाचे जास्तीचे पैसे द्यायचे नाहीत. आपल्याला घरात ठेवायला वस्तू हवी आहे, संग्रहालयात नाही.

दुकानदार कपाट समोरून दाखवतो. समोर पॉलिश असतं, नक्षी असते. आपण ते भिंतीपासून ओढायला सांगायचं आणि मागून बघायचं. मग एक खण पूर्ण बाहेर काढून उलटा करायचा. खणाइतकं खरं बोलणारं दुसरं काही नाही. त्याच्या कोपऱ्यात दोन फळ्या बोटांत बोटं गुंतवल्यासारख्या एकमेकींत बसवलेल्या असतील आणि ती बोटं थोडी लहानमोठी असतील, तर ते हाताने केलेलं काम. नुसते खिळे मारून जोडलं असेल तर काम साधं आहे, भावही साधाच द्यायचा. तळावरून हात फिरवा. हाताच्या रंध्याने तासलेल्या लाकडावर बारीक लाटा बोटांना कळतात. तळ प्लायवूडचा निघाला तर एक तर वस्तू सांगतात तितकी जुनी नाही, नाही तर तळ नंतर बदललेला आहे. स्क्रूकडेही बघा. अधिकच्या चिन्हासारखी खाच असेल तर तो स्क्रू अलीकडचा. दुरुस्ती झालेली असणं वाईट नाही, ती लपवून भाव वाढवणं वाईट.

लाकूड कसं ओळखायचं, असं बायका नेहमी विचारतात. साग सोनेरी-तपकिरी असतो, हाताला किंचित तेलकट लागतो, आणि न दिसणाऱ्या जागी जरासं खरवडलं तर चामड्यासारखा वास येतो. शिसव जड आणि काळसर, आत गडद रेषा. कोकणात, गोव्यात फणसाच्या लाकडाचं सामान खूप. ते मुळात पिवळं, वयाबरोबर तांबूस-तपकिरी होत जातं. फसवणूक होते ती आंब्याच्या लाकडाला गडद रंग देऊन साग म्हणून विकण्यात. वरच्या रंगावर जाऊ नका, खणाची आतली बाजू आणि पाठ बघा, तिथे कोणी रंग लावायला जात नाही. समोरच्या फळ्या सागाच्या आणि आतल्या हलक्या लाकडाच्या, असं पूर्वीचे सुतारही करत. त्यात लबाडी नाही, फक्त मग सगळ्या कपाटाला सागाचा भाव लागत नाही.

आता कीड. इथे घाई केली तर आपल्या घरातलं बाकीचं लाकूडही जातं, म्हणून जरा नीट ऐका. लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली की लगेच नको म्हणू नका. भोकं काळवंडलेली असतील आणि आत पीठ नसेल, तर कीड कधीच उडून गेलेली असू शकते. भोकाचा आतला रंग ताजा असेल आणि फटकन थोपटल्यावर पिवळट पीठ गळत असेल, तर ती आत जिवंत आहे. कळत नसेल तर विकणाऱ्याला सांगून कपाटाखाली काळा कागद पसरून आठ-पंधरा दिवस ठेवायचा. कागदावर पीठ साठलं की उत्तर मिळालं. भोकं थोडी असतील तर किडीचं औषध सुईच्या पिचकारीने भोकाभोकांत सोडून मेणाने बुजवता येतं, फक्त हातात मोजे घाला, आणि जाळीच्या कपाटात, जिथे दूधदुभतं ठेवायचं, तिथे हे औषध नकोच. वाळवीची गोष्ट वेगळी. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, किंवा फळीवर टकटक केल्यावर पोकळ आवाज आला, तर ते कपाट फुकट मिळालं तरी उंबरठ्याच्या आत आणू नका. सागाला वाळवी लागत नाही असं सांगतात, ते त्याच्या गाभ्याबद्दल खरं आहे. सालीजवळचं फिकट लाकूड ती खाते.

पितळी कड्या, मुठी, बिजागऱ्या यांचा वेगळा भाव सांगतात. पर्समध्ये एक छोटं लोहचुंबक ठेवा. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर मुलामा. आरशाला काळे डाग असतील तर मागचा चांदीचा थर ओलीने गेला आहे. ‘बेल्जियमचा आरसा’ या शब्दालाही अँटिकचाच न्याय.

जुन्या ऑइलपेंटने रंगवलेलं कपाट किंवा पेटी असेल तर रंग कोरड्या पॉलिशपेपरने घासू नका. पूर्वीच्या रंगांत शिसं खूप असायचं. घरगुती रंगांतल्या शिशाला दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली. ती धूळ रांगत्या मुलाच्या पोटात गेली तर त्याच्या मेंदूच्या वाढीला धोका असतो. घासायचंच असेल तर अंगणात, ओलं करून, तोंडाला मास्क बांधून, आणि मुलांना लांब ठेवून.

लोखंडी कपाटालाही आम्ही जुन्यातच धरतो. गोदरेजने १९२३ साली पोलादी कपाटं करायला घेतली, आणि पुढे कुठल्याही कंपनीच्या कपाटाला ‘गोदरेज’ म्हणायची रीतच पडली. जुन्यांचा पत्रा जाड असतो. फक्त पाय आणि तळ वाकून बघा, गंज तिथून चढतो. घरी आणल्यावर पायांखाली लाकडी ठोकळे द्या.

भाव ठरवण्याआधी दाराची रुंदी आणि जिन्याचं वळण सुतळीने मोजून, गाठ मारून ती सुतळी सोबत न्या. उंच कपाट भिंतीला लोखंडी पट्टीने स्क्रू मारून बांधा. मुलं खण उघडून त्यावर चढतात आणि सगळं कपाट अंगावर येतं. पेटीचा कोयंडा आपोआप बसणारा असेल तर काढून टाका. लपाछपीत मूल आत शिरलं आणि झाकण बसलं तर आतून उघडत नाही.

राहिलं कुलूप. तुमचं पासबुक, गटाची वही, घराच्या उताऱ्याची प्रत, दोन पैसे, हे सगळं ज्या खणात जाणार आहे, त्याच्या किल्ल्या किती आणि कुणाकुणाकडे, हे जुन्या वस्तूच्या बाबतीत कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे निदान एका खणाचं कुलूप तेवढं नवं बसवून घ्या. लाकडाला धक्का न लावता सुतार हे काम करतो. बाजारातून आणलेल्या कपाटाला तर कराच, पण घरातल्या जुन्या कपाटालाही करा. दोन किल्ल्या मिळतील. एक तुमच्याजवळ ठेवा, आणि दुसरी कुणाला द्यायची ते तुम्ही ठरवा.