एकास बारा

सकाळी ९
मेडिकलचं शटर नुकतंच वर गेलंय. दारात दोन पायऱ्या, उंची ३० सेंटिमीटर. मालकांनी मीटरभर लांबीचा लोखंडी पत्रा टाकलाय. "केला की रॅम्प!" ते म्हणतात. ढाळ एकास बारा लागतो; ३० सेंटिमीटर चढायला ३.६ मीटर. या पत्र्यावरून व्हीलचेअर मागे उलटेल. रॅम्प फुटपाथवर काढला तर अंध माणसाची वाट अडेल. म्हणून ओट्याच्या आतच, भिंतीलगत मी खडूने रेघ मारते. गवंडी लेव्हल पाइप धरतो.

सकाळी ११
हॉटेल. दिव्यांगांसाठी स्वच्छतागृह आहे. रुंद दार, आधाराचा दांडा, सगळं मापात. आत मात्र रिकाम्या बाटल्यांचे क्रेट. "तसं गिऱ्हाईक येत नाही," मॅनेजर सांगतात. एकदा दारातून परत गेलेला माणूस पुन्हा कशाला येईल? क्रेट निघेपर्यंत मी उभी राहते.

दुपारी २
क्लास दुसऱ्या मजल्यावर, भाड्याची जागा, लिफ्ट नाही. अवाजवी भार न टाकता करता येईल ती सोय, ही कल्पना दिव्यांग हक्क कायद्यातच आहे. तळमजल्यावरची खोली एका बॅचसाठी मिळते का, हे सर आजच घरमालकांना विचारणार आहेत.

दुपारी ४
व्यापाऱ्यांची बैठक. पहिला प्रश्न दंडाचा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ८९ वाचून दाखवते: पहिल्या उल्लंघनाला १० हजारांपर्यंत, पुढच्या प्रत्येकाला ५० हजार ते ५ लाख. "आमचं तर खासगी दुकान," एकजण म्हणतात. कलम ४६ खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. सुलभतेची किमान मानकं सक्तीची असली पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राला बजावलंय. वह्या उघडतात, मापं उतरवली जातात.

संध्याकाळी ६.३०
पुन्हा मेडिकल. विटांचा पहिला थर बसलाय. रस्त्यावर व्हीलचेअरवर एक बाई. आपल्या औषधाचं नाव त्यांना नेहमी तिथूनच, चार लोकांत ओरडून सांगावं लागतं. आज मालक गल्ला सोडून खाली येतात, वाकून चिठ्ठी घेतात, हळू आवाजात डोस समजावतात.

"ताई, आठवडाभरात वर या," ते म्हणतात. बाई विटांकडे पाहतात आणि विचारतात, "कठडा दोन्ही बाजूंनी आहे ना?"

मी वही काढते. कठडा लिहायचा राहिला होता.