संघातील पदव्या आणि पदे

कार्यक्रमांच्या पत्रिकांतून एकाच भिक्खूंच्या नावामागे ‘भदंत’, ‘थेर’, ‘महाथेर’ अशी बिरुदे सरसकट छापलेली आम्ही पाहतो. त्यामागे श्रद्धा असते, हे खरे. परंतु ‘थेर’ व ‘महाथेर’ ही गौरवाची विशेषणे नव्हेत, ती वर्षावासांची मोजणी होय. उपसंपदेनंतर 10 वर्षावास पूर्ण करणारा भिक्खू थेर आणि 20 पूर्ण करणारा महाथेर. येथे वय, विद्वत्ता वा कुळ मोजले जात नाही. साठाव्या वर्षी उपसंपदा घेणारा विद्वान, पाच वर्षावास झालेल्या तरुण भिक्खूस वंदन करतो.

या नियमाचा खरा अर्थ उपालीच्या प्रव्रज्येत दिसतो. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद आदी शाक्यकुमारांसोबत त्यांचा न्हावी उपालीही अनुपिया येथे भगवंतांकडे आला. आम्ही शाक्य अभिमानी आहोत, तेव्हा उपालीस आधी प्रव्रज्या द्यावी, म्हणजे त्यास वंदन करताना आमचा अभिमान गळेल, अशी विनंती त्या कुमारांनीच केली. तसेच झाले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे संगायन याच उपालींनी केले. ज्या समाजात वंदनाची दिशा जन्माने ठरत होती, तेथे ही केवढी उलथापालथ!

‘भंते’ हे मुळात संबोधन आहे. महापरिनिब्बानसुत्तानुसार भगवंतांच्या हयातीत भिक्खू परस्परांस ‘आवुसो’ म्हणत. आपल्या पश्चात कनिष्ठांनी ज्येष्ठांस ‘भंते’ वा ‘आयस्मा’ म्हणावे, असे भगवंतांनी सांगितले. (आपल्या लग्नपत्रिकांतील ‘आयुष्मान’ हे त्या ‘आयस्मा’चेच रूप, आपण ते गृहस्थांस बहाल केले, यात आम्हास वावगे वाटत नाही.)

कामाची पदे मात्र ज्येष्ठतेने आपोआप मिळत नसत. निवास नेमून देणारा सेनासनपञ्ञापक, भोजनाची वाटणी ठरवणारा भत्तुद्देसक, कोठार सांभाळणारा भंडागारिक यांची निवड संघापुढे ठराव मांडून होई. कोणी आक्षेप न घेतल्यास मौन ही संमती. छंद, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी न जाणे ही पात्रता. आमच्या विहार-समित्यांनी ही अट जरूर वाचावी. पहिली दोन्ही कामे दब्ब मल्लपुत्त यांच्याकडे होती. सुत्तांतिक सुत्तांतिकांसोबत, विनयधर विनयधरांसोबत, अशी निवासव्यवस्था ते लावत. निकृष्ट भोजन वाट्याला आल्याने रुष्ट झालेल्या काही भिक्खूंनी त्यांच्यावर खोटा आळ रचला, तेव्हा पदाकडे न पाहता त्यांची संघासमक्ष चौकशी झाली आणि ते निर्दोष ठरले.