तारेखालचं जंगल

जंगल जपणाऱ्या माणसासमोर झिपलाइनचं नाव काढलं की त्याच्या कपाळाला आठी पडते, आणि ती उगाच पडत नाही. झाडांच्या शेंड्यांवरून तारेला लटकून आरोळ्या ठोकत जाणारी माणसं एकीकडे, आणि पानांआड बसलेला पक्षी दिसावा म्हणून तासभर जागचा न हलणारा निरीक्षक दुसरीकडे. या दोघांना एकाच अरण्याची ओढ असेल हे पटणं अवघडच. उष्ण कटिबंधातल्या अनेक देशांत आता अभयारण्य आणि साहस-उद्यान अशी जोडसहल सर्रास विकली जाते. सकाळी जंगल, दुपारी तार, संध्याकाळी फुलपाखरांची बाग. यातलं पहिलं तेवढं खरं आणि बाकीचं बाजारू, असं म्हणून सुशिक्षित पर्यटक मोकळा होतो. मला ही विभागणी चुकीच्या जागी केलेली वाटते. कोस्टारिकातल्या मॉन्टेव्हर्दे या डोंगरी गावाचा गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा इतिहास नीट पाहिला तर असं दिसतं की साहस-उद्यान अभयारण्याच्या हद्दीबाहेर असेल आणि त्याचा धंदा उभ्या जंगलावर चालत असेल, तर ते अभयारण्याच्या कामी येऊ शकतं. या दोनपैकी एक अट जरी सुटली तरी कपाळावरची ती आठी बरोबर ठरते.

कोस्टारिका हा मध्य अमेरिकेतला छोटा देश. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण एक षष्ठांश. त्याच्या वायव्येला तिलारान नावाची डोंगररांग आहे आणि तिच्या माथ्याजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटरवर, मॉन्टेव्हर्दे वसलं आहे. कॅरिबियन समुद्रावरून येणारे व्यापारी वारे ही रांग चढताना थंड होतात, त्यांच्यातल्या बाष्पाचे ढग होतात आणि ते ढग झाडांमध्ये येऊन अडकतात. इथल्या जंगलाला पाऊस तर मिळतोच, शिवाय ढगातलं पाणीही मिळतं. फांद्यांवरचं शेवाळ, नेचे आणि ऑर्किड तरंगणारे थेंब टिपून घेतात आणि पॅसिफिक बाजूचा उन्हाळा कोरडा चाललेला असतानाही माथ्यावरची माती ओली राहते. या परिसरात ऑर्किडच्याच चारशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. एकेका झाडाच्या अंगावर इतकं काही उगवलेलं असतं की मूळ झाड कोणतं हे ओळखायला जाणकार लागतो.

हे जंगल पहिल्यांदा राखलं ते पर्यटनासाठी नाही, आणि खरं तर वन्यजीवांसाठीही नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली काही क्वेकर कुटुंबं १९५१ मध्ये इथे स्थायिक झाली. क्वेकर पंथ युद्धाला विरोध करतो. सक्तीच्या लष्करी नोंदणीला नकार दिला म्हणून यांच्यातल्या काही तरुणांनी तुरुंगवास भोगला होता, आणि कोस्टारिकाने तर १९४८ मध्ये सैन्यच बरखास्त केलं होतं. या मंडळींनी जमीन घेतली, गायी पाळल्या, चीजचा कारखाना काढला, आणि कुरणांसाठी जंगलही तोडलं. मात्र आपल्या ओढ्याच्या उगमाजवळचा वरचा पट्टा त्यांनी हात न लावता राखून ठेवला, कारण पाणी तिथून येत होतं. या शहाणपणाच्या आधारावर १९७२ मध्ये मॉन्टेव्हर्दे राखीव जंगल उभं राहिलं. जॉर्ज आणि हॅरिएट पॉवेल हे अभ्यासक दांपत्य आणि विल्फर्ड गिंडन हे क्वेकर शेतकरी यांचा त्यात पुढाकार होता. आज ही राखीव जागा चार हजार हेक्टरांहून मोठी आहे आणि तिचा कारभार सरकारकडे नसून एका वैज्ञानिक संस्थेकडे आहे. शेजारच्या सांता एलेना राखीव जंगलाची देखरेख तर गावातलं माध्यमिक विद्यालय करतं.

आता राखीव जंगलाच्या हद्दीचा प्रश्न. मॉन्टेव्हर्देला जगभरातून लोक येतात ते मुख्यतः केत्साल पाहायला. पाचूसारखा हिरवा, छाती लालभडक आणि नराची शेपटीची पिसं शरीराहून लांब, असा हा पक्षी रानटी अव्होकाडोच्या कुळातल्या झाडांच्या फळांवर जगतो. पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केत्सालना रेडिओ प्रेषक बसवून त्यांचा माग काढला, तेव्हा कळलं की विणीचा हंगाम संपला की हे पक्षी राखीव जंगलातून बाहेर पडतात आणि फळांच्या शोधात डोंगराच्या खालच्या उतारांवर जातात. तिथे त्यांना सलग जंगल मिळत नाही. शेतं, कुरणं आणि त्यांच्यामध्ये उरलेले झाडांचे तुकडे मिळतात. चोचीखाली तीन लोंबत्या तुऱ्यांचा घंटापक्षीही असाच वर-खाली फिरतो. म्हणजे वर कितीही कडक पहारा ठेवला, तरी खालच्या खासगी जमिनीवरची झाडं तुटली तर वरचा केत्साल उपाशी राहणार. जो जमिनीचा मालक आहे, ज्याला गायीही ठेवता येतात आणि कॉफीही लावता येते, त्याने झाडं कशासाठी उभी ठेवायची?

इथे झिपलाइनचा संबंध येतो. तारेवरून शेंडे गाठायची कल्पना मुळात शास्त्रज्ञांची. वर्षावनातलं बरंचसं जीवन जमिनीपासून तीस-चाळीस मीटर उंचीवर चालतं आणि खालून ते दिसत नाही. म्हणून १९७०च्या दशकात डॉनल्ड पेरी यांच्यासारख्या संशोधकांनी कोस्टारिकाच्या जंगलात गिर्यारोहणाचे दोर वापरून झाडांच्या माथ्यावर जायला सुरुवात केली. पेरी यांनीच पुढे १९९४ मध्ये ब्राउलियो कारियो राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या खासगी जंगलातून पर्यटकांसाठी संथ गतीची पाळणागाडी सुरू केली. त्याच दशकात मॉन्टेव्हर्देच्या आसपास तारा लागल्या. अभ्यासाचं साधन बघता बघता खेळ झालं, हे खरंच. पण हा खेळ बहुतांशी राखीव जंगलाच्या बाहेर, खासगी मालकीच्या जमिनीवर उभा राहिला. तारेचं तिकीट विकणाऱ्याला पायाखाली दाट झाडी लागतेच, कारण उघड्या कुरणावरून घसरत जायला कोण पैसे मोजेल? आज बऱ्याच तारा झाडांऐवजी पोलादी मनोऱ्यांना बांधलेल्या असतात आणि झाडांच्या दृष्टीने ते चांगलंच आहे. तरी विकला जाणारा माल तोच, उभं जंगल. जो शेतकरी काल झाडाकडे अडथळा म्हणून पाहत होता, त्याच्या वहीत ते झाड आज जमेच्या बाजूला गेलं.

सगळं श्रेय तारेला द्यायचं माझ्या मनात नाही. १९८०च्या दशकात कोस्टारिकाचं वनक्षेत्र घसरत घसरत देशाच्या साधारण चतुर्थांशावर आलं होतं, आज ते पुन्हा निम्म्याहून अधिक आहे. गोमांसाची बाजारपेठ पडली, डोंगरातली गुरं परवडेनाशी झाली. १९९६च्या वन कायद्याने जंगल तोडून जमीन दुसऱ्या वापरात आणायला बंदी केली आणि झाडं राखणाऱ्या मालकाला मोबदला देण्याची सोय केली. त्यासाठीचा पैसा मोठ्या प्रमाणात इंधनावरच्या करातून आला. पण नुसत्या बंदीने मालकाचं मन वळत नाही आणि सरकारी मोबदला कुरणाच्या तोडीचा असतोच असं नाही. पर्यटनाने ती तूट भरून काढली. राष्ट्रीय उद्यानाच्या दारात जमा होणारा पैसा शेजारच्या शेतकऱ्याच्या खिशात पडत नाही, तारेचा आणि त्यासोबतच्या खाणावळीचा पडू शकतो.

गर्दीचं काय करायचं, हेही बघावं लागतं. जंगल पाहायला आलेल्या प्रत्येकाला जंगल पाहायचंच असतं, हा आपला भाबडा समज आहे. कुटुंबात चौदा वर्षांचा मुलगा असतो, त्याला दोन तास गप्प चालायला लावलं तर तो स्वतः कंटाळतो आणि इतरांनाही कंटाळवतो. त्याची हौस हद्दीबाहेर भागली तर आतल्या पायवाटा शांत राहतात. दोन्ही गोष्टी एकाच कुंपणात कोंबल्या की काय होतं, ते पॅसिफिक किनाऱ्यावरच्या मानुएल आंतोनिओ उद्यानात दिसतं. जंगल आणि सुंदर पुळण एकाच तिकिटात मिळत असल्याने तिथे डब्यांसह सहली येऊ लागल्या. पांढऱ्या तोंडाची कापुचिन माकडं पिशव्यांवर झडप घालायला शिकली. शेवटी रोजची प्रवेशसंख्या बांधून द्यावी लागली, आठवड्यातला एक दिवस उद्यान बंद ठेवावं लागलं आणि दारातच पिशव्या तपासून खाण्याच्या वस्तू अडवाव्या लागल्या. माकडांचा यात काय दोष?

यावर पहिला आक्षेप आवाजाचा. तारेची घरघर आणि माणसांची ओरड हद्दीवर थांबत नाही. हे मान्य करावंच लागेल. उत्तर एवढंच की तो आवाज कुठे असावा हे आपल्या हातात आहे. विणीच्या जागांपासून दूर, आधीच तोड झालेल्या आणि पुन्हा वाढत असलेल्या झाडीवर आणि दिवसा ठरावीक वेळीच तो चालू शकतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तारेवरून जाणाऱ्याला जंगल म्हणजे मागचा रंगवलेला पडदा वाटतो, त्याला ना प्राणी दिसतो ना झाडाचं नाव कळतं. अगदी खरं. पण शिक्षण हे तारेचं कामच नव्हे. ते राखीव जंगलातल्या वाटाड्याचं काम आहे आणि मॉन्टेव्हर्देचे वाटाडे ते उत्तम करतात. तारेकडून अपेक्षा एकच, तिच्याखालचं जंगल उभं राहावं. तिसरा आक्षेप गावाचा, आणि त्यावर माझ्याकडे पुरतं समाधानकारक उत्तर नाही. हॉटेलं वाढली की पाणी, सांडपाणी आणि जमिनीचे भाव असे तिन्ही प्रश्न एकदम येतात. मॉन्टेव्हर्देचा रस्ता कित्येक वर्षं कच्चा होता आणि गावातल्या काही लोकांना तो तसाच हवा होता, कारण खड्डे हाच त्यांना गर्दीवरचा उपाय वाटत असे. पुढे रस्ता बराच सुधारला. आजारी माणसाला शहरात न्यायचं असेल तर खड्ड्यांचं कौतुक फार काळ टिकत नाही.

उलट बाजूनेही एक आक्षेप येतो. पर्यटन, साहस सगळं बंद करा, जंगलाला कुलूप लावा, मग ते वाचेल. मॉन्टेव्हर्देचाच सोनेरी भेक या म्हणण्याला छेद देतो. नर झगझगीत नारिंगी असणारा हा बेडकाचा भाऊबंद जगात फक्त याच माथ्यावरच्या काही चौरस किलोमीटरांत राहत होता. पहिल्या पावसात डबक्यांपाशी काही दिवस जमायचा आणि पुन्हा नाहीसा व्हायचा. १९८७ मध्ये तिथे दीड हजारांहून अधिक भेक मोजले गेले. १९८९ मध्ये एकच नर दिसला आणि त्यानंतर कोणालाच कधी दिसला नाही. २००४ मध्ये त्याची नोंद नामशेष म्हणून झाली. कारणांवर अजून वाद आहे. एल निन्योमुळे पडलेला कोरडा काळ आणि कातडीवर वाढणारी कायट्रिड बुरशी ही त्यातली प्रमुख नावं, हवामानबदलाचा वाटा किती यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण हा भेक देशातल्या सर्वात चांगल्या राखलेल्या जागेत संपला आणि त्याच्यावरून एकही तार गेलेली नव्हती. कुंपण आवश्यक असतं, पण ते ढग आणि बुरशी अडवू शकत नाही.

माझा खरा राग तिसऱ्याच प्रकारावर आहे. ‘प्राणी दिसणारच’ अशी हमी देणारी आणि स्लॉथ किंवा माकड हातात देऊन फोटो काढू देणारी ठिकाणं. ती ‘अभयारण्य’, ‘बचाव केंद्र’ अशी पाटी लावतात, म्हणून तारेपेक्षा जास्त घातक. तारवाला निदान आपण खेळ विकतो हे लपवत नाही. कोस्टारिकाने या बाबतीत पावलं उचलली आहेत. २०१२ मध्ये हौशी शिकारीवर बंदी आली, २०१९ मध्ये रानटी प्राण्यांसोबतच्या सेल्फींविरुद्ध सरकारने मोहीम काढली आणि २०२४ मध्ये राजधानीतलं सिमोन बोलिव्हार प्राणिसंग्रहालय बंद झालं. जाणाऱ्याने ओळखायची खूण सोपी आहे. जिथे प्राण्याला हात लावू देतात, ते अभयारण्य नव्हे.

हाच हिशोब इकडे लावला तर चित्र बदलतं. वाघ प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये नव्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर ते सुरू झालं, तेव्हा गाभ्याच्या जास्तीत जास्त २० टक्के भागाची मर्यादा आली. म्हणजे हद्दीची अट आपण निदान कागदावर मान्य केली. दुसऱ्या अटीचं मात्र तसं नाही. महाराष्ट्र-गोव्यातून दांडेलीला जाणाऱ्यांना काळी नदीतलं राफ्टिंग ठाऊक असतं. त्या प्रवाहाचा जोर सुपा धरणातून सोडलेल्या पाण्यावर ठरतो. धरण पाणी सोडत राहिलं तर काठावरची झाडं गेली तरी होडी चालेल. सह्याद्रीतल्या पर्यटनस्थळी दरीच्या दोन कडांना लोखंडी खांब रोवून ओढलेल्या तारेलाही खाली झाडी असली काय आणि नसली काय, सारखंच. तिथला मालक जंगलाच्या वाईटावर नसेल, पण ते तुटलं तर त्याच्या गल्ल्यात एक रुपयाही कमी पडत नाही.