डॉ. कोटणीस की अमर कहानी (चित्रपट)

डॉ. कोटणीस की अमर कहानी हा १९४६ साली प्रदर्शित झालेला हिंदी चित्रपट आहे. व्ही. शांताराम यांनी तो राजकमल कलामंदिर या संस्थेतर्फे निर्माण व दिग्दर्शित केला आणि नायकाची भूमिकाही स्वतःच केली. जयश्री यांनी नायिकेची, तर बाबूराव पेंढारकर यांनी चिनी सेनाधिकारी जनरल फाँग याची भूमिका केली. संगीत वसंत देसाई यांचे होते. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'अँड वन डिड नॉट कम बॅक' या इंग्रजी पुस्तकावर हा चित्रपट आधारलेला असून त्याची पटकथा अब्बास आणि वि. प. साठे यांनी लिहिली. चीन-जपान युद्धाच्या पार्श्वभूमीवर एक भारतीय डॉक्टर आणि एक चिनी तरुणी यांची प्रेमकथा त्यात सांगितली आहे. युद्धप्रचार, राष्ट्रवाद, भारत-चीन मैत्री आणि साम्यवादविरोध अशा परस्परविरोधी चौकटींत एकच चित्रपट पाहिला गेला, हे त्याच्या स्वीकाराचे वैशिष्ट्य आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

जपानने १९३७ मध्ये चीनवर आक्रमण केल्यानंतर चिनी सेनानी चू द यांनी जवाहरलाल नेहरू यांच्याकडे वैद्यकीय मदतीची विनंती केली. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष असलेले सुभाषचंद्र बोस यांनी त्यासाठी जनतेला आवाहन केले आणि सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक चीनला रवाना झाले. डॉ. अटल, डॉ. चोळकर, डॉ. मुखर्जी, डॉ. बसू आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे त्याचे सदस्य होते. कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी झाला होता. चीनमध्ये त्यांनी युद्ध आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद सांभाळले. १९४१ मध्ये त्यांनी क्वो छिंगलान या परिचर्या शिक्षिकेशी विवाह केला. त्यांचा मुलगा यिनहुआ याच्या नावात चिनी भाषेतील भारत आणि चीन या दोन देशांची अक्षरे एकत्र आली आहेत. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस यांचे निधन झाले.

पुस्तक आणि पटकथा

अब्बास यांचे पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. चीनमधून परतलेल्या डॉ. बसू यांच्या आठवणींचा त्याला आधार होता. पुस्तक संपूर्ण वैद्यकीय पथकाची हकीकत सांगते. पाच गेले आणि एक परतला नाही, हे त्याच्या नावातूनच सूचित होते. पटकथेत हा क्रम उलटला. न परतलेला डॉक्टर कथेच्या केंद्रस्थानी आला आणि उरलेले सहकारी दुय्यम झाले. चित्रपटातील कोटणीस चीनला जातो, चिंग लान हिच्या प्रेमात पडून तिच्याशी लग्न करतो, जपानी सैन्याच्या कैदेतून निसटतो आणि एका भयंकर साथीच्या रोगावर उपाय शोधतो. साथीशी दिलेली हीच झुंज त्याच्या अकाली मृत्यूला कारण ठरते. शेवटी चिंग लान तान्ह्या मुलासह भारतात कोटणीसांच्या घरी येते.

प्रदर्शनकालीन संदर्भ

युद्धकाळात कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण होते आणि निर्मात्यांनी युद्धप्रयत्नांना पोषक चित्रपट काढावेत अशी अपेक्षा होती. या चित्रपटाची आखणी त्याच चौकटीत झाली. विषयाची निवड अनेक बाजूंना सोयीची होती. जपान हा ब्रिटिशांचा शत्रू होता, फॅसिस्टविरोधी लढ्याला भारतीय साम्यवाद्यांचा पाठिंबा होता आणि पथक पाठवणारी संघटना मात्र काँग्रेस होती. त्यामुळे सरकारची अट पाळूनही पडद्यावर स्वातंत्र्य चळवळीचे गुणगान करणे शक्य झाले.

चित्रपट प्रेक्षकांपुढे आला तेव्हा महायुद्ध संपले होते आणि प्रचाराचे प्रयोजन उरले नव्हते. दिल्लीच्या लाल किल्ल्यात चाललेल्या आझाद हिंद सेनेच्या खटल्यांमुळे सुभाषचंद्र बोस यांच्याविषयीची लोकभावना याच सुमारास शिगेला पोहोचली होती. ज्या बोस यांच्या पुढाकाराने डॉक्टर जपानविरुद्ध लढणाऱ्या चीनला गेले, त्यांनीच पुढे जपानच्या मदतीने सेना उभारली होती. जपान्यांना क्रूर शत्रू म्हणून रंगवणारा चित्रपट अशा वातावरणात राष्ट्रीय चित्रपट म्हणून स्वीकारला जाणे, हा त्याच्या इतिहासातील लक्षणीय विरोधाभास आहे. त्याच वर्षी अब्बास यांनी दिग्दर्शित केलेला 'धरती के लाल' आणि त्यांचा लेखनसहभाग असलेला 'नीचा नगर' हे चित्रपटही पुढे आले. चित्रपटेतिहासात या तिन्ही चित्रपटांचा उल्लेख अनेकदा एकत्र केला जातो. मात्र दुष्काळ आणि वर्गसंघर्ष दाखवणाऱ्या त्या दोन चित्रपटांच्या तुलनेत 'डॉ. कोटणीस' लोकप्रिय प्रेमकथेच्या आणि गीतांच्या परंपरेला अधिक जवळचा आहे.

समीक्षेतील प्रमुख मुद्दे

सत्यघटनेशी प्रामाणिकपणा हा पहिला मुद्दा आहे. खरे कोटणीस अपस्माराने गेले आणि अखेरच्या वर्षी ते चिनी साम्यवादी पक्षाचे सदस्य झाले होते. चित्रपटाने मृत्यूला हौतात्म्याचे रूप दिले आणि पक्षनिष्ठेपेक्षा देशसेवा व मानवसेवा यांवर भर दिला.

दुसरा मुद्दा प्रेमकथेच्या कार्याचा आहे. दोन देशांच्या मैत्रीसारखी अमूर्त गोष्ट पती, पत्नी आणि मूल यांच्या रूपाने सामान्य प्रेक्षकाला कळते, ही या मांडणीची ताकद होय. तिची मर्यादाही तेथेच आहे. क्वो छिंगलान यांनी पुढील आयुष्य चीनमध्येच काढले आणि भारताला केवळ भेटी दिल्या. पडद्यावरील चिंग लान मात्र सासरी परतणारी सून ठरते आणि तिचे स्वतंत्र कर्तृत्व मागे पडते.

तिसरा मुद्दा चीनच्या चित्रणाचा आहे. चिनी पात्रांच्या प्रमुख भूमिका भारतीय नटांनी रंगभूषेच्या साहाय्याने केल्या व संवाद हिंदीत होते. आजच्या प्रेक्षकाला हे चित्रण कृत्रिम वाटते. तथापि, आशियातील दुसऱ्या देशाच्या लढ्याला आपला मानून त्यावर मोठा चित्रपट काढणे हे त्या काळच्या भारतीय चित्रपटसृष्टीत दुर्मीळ होते.

अमेरिकेतील रूपांतर

चित्रपटाची 'द जर्नी ऑफ डॉ. कोटणीस' ही इंग्रजी आवृत्तीही तयार करण्यात आली होती. अमेरिकेत मात्र तिच्या वाट्याला वेगळेच भवितव्य आले. १९४९ मध्ये चीनमध्ये साम्यवादी सत्तेवर आले. त्यानंतर १९५० च्या दशकात ही आवृत्ती काटछाट करून 'नाइटमेअर इन रेड चायना', म्हणजे 'लाल चीनमधील दुःस्वप्न', या सनसनाटी नावाने दाखवण्यात आली. चिनी साम्यवाद्यांच्या सैन्याची सेवा करणाऱ्या डॉक्टरची गाथा अशा रीतीने साम्यवादाच्या भीतीवर विकली गेली. चित्रपट अभ्यासक नीपा मजुमदार यांनी २००८ मधील निबंधात या प्रवासाचा मागोवा घेतला आहे. परदेशी चित्रपटाचे मूल्य त्याच्या आशयाइतकेच वितरणाच्या वाटांवरही ठरते, हे या उदाहरणातून दिसते.

उत्तरकाळ

१९५० च्या दशकातील भारत-चीन मैत्रीच्या काळात चित्रपटाचा विषय अनुकूल होता. १९६२ च्या युद्धानंतर त्याच विषयाला कटुतेची छाया लाभली. तरीही कोटणीस यांची स्मृती दोन्ही देशांत टिकून आहे. चीनमधील शिच्याच्वांग येथे त्यांची समाधी व पुतळा, तर सोलापुरात स्मारक आहे. त्यांच्या जीवनावर पुढे चीनमध्येही चित्रपट निघाला. भारतात मात्र कोटणीस यांचे नाव अनेकांपर्यंत प्रथम या चित्रपटामुळे पोहोचले. परिणामी साथीच्या रोगाचा आणि कैदेचा प्रसंग यांसारखे पटकथेतील भाग चरित्राशी ताडून पाहणे अभ्यासकांना आवश्यक ठरते.