नऊ सेकंदांना एक थेंब

मिलिंग मशीनवर कूलंटची पांढरी धार धो-धो कोसळताना पाहिलेल्या माणसाला हे दृश्य खोटंच वाटेल. कटर गरगरतोय, चिप्स उडताहेत आणि सगळं कोरडं! एक बारीक नोझल तेवढं हवा फुंकतंय. त्या हवेबरोबर तासाला २० मिलिलिटर तेल जातं, म्हणजे नऊ सेकंदांना जेमतेम एक थेंब. धारेला मिनिटालाच २० लिटर लागू शकतात.

अमेरिकेत फ्रेडरिक टेलरनं १८८० च्या दशकात टूलवर पाण्याची जाड धार सोडून कापण्याचा वेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढवला होता. मग थेंबावर भागतं कसं? कापताना निर्माण होणारी बरीचशी उष्णता चिपच घेऊन निघून जाते. पोलादाची चिप निळी पडते ती त्यामुळेच. तेलानं फक्त घर्षण कमी करायचं. शिवाय मिलिंगमध्ये टूलची कार्बाइडची कड क्षणात तापते, क्षणात मोकळी होते. त्यात वरून कूलंट ओतला की तिला सूक्ष्म तडे जाण्याचा धोका वाढतो.

खरी गंमत हे सगळं जुळवण्यात आहे. नवशिका आधी तेल वाढवतो, जाणता आधी नोझल वळवतो. झोत धातू कापणाऱ्या कडेवरच पडला पाहिजे. उडत्या चिप्सच्या आड नोझल आलं, तर तेल चिप्सनाच लागतं. नोझलपुढे क्षणभर कागद धरावा (कटर थांबवून, अर्थात): तेलाचा पातळ, एकसारखा डाग उमटला तर ठीक, ओघळ आला तर तेल जास्त. आणि मशीनभोवती धुकं दिसू लागलं, की ते तेल टूलला न लागता कामगाराच्या फुफ्फुसात चाललंय असं समजावं. हवेचा दाब उगाच वाढवला की थेंब आणखी बारीक होतात, तरंगत राहतात. ॲल्युमिनियम टूलला चिकटतं, म्हणून तिथे तेलात कंजुषी नको. टायटॅनियममधून उष्णता सहज वाहून जात नाही, ती टूलच्या कडेपाशीच साचते. त्याला बहुतेकदा कूलंटची धारच लागते.

खोल भोकात तर बाहेरचा फवारा पोचतच नाही. तिथे ड्रिलच्या पोटातल्या नळीतून तेल न्यावं लागतं. पण वेगानं फिरणाऱ्या नळीत तेलाचे थेंब हवेपासून सुटून भिंतीला चिकटतात. म्हणून काही मशीनमध्ये तेल आणि हवा वेगवेगळ्या वाटांनी आणून टूलजवळ, अगदी शेवटच्या टप्प्यावर, एकत्र करतात.