समाजकार्य : चंद्रभागेकाठून पाहताना

समाजकार्याचा इतिहास लिहायला बसलेले विद्वान लंडनच्या टॉयन्बी हॉलपासून (१८८४) निघतात, शिकागोच्या हल हाऊसवर (१८८९) थोडे टेकतात आणि मुंबईत १९३६ साली टाटांचे समाजकार्य विद्यालय निघाले तिथे पोचले की भारतातल्या समाजकार्याचा नारळ फोडून मोकळे होतात. या मंडळींशी माझे भांडण जुने आहे. मी करकंबचा. आमचा तालुका पंढरपूर. टॉयन्बी हॉलच्या नऊ वर्षे आधी, १८७५ साली, आमच्या या तालुक्याच्या गावी बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले होते.

ते काढले प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांनी. माणूस गुजराती, नोकरी न्यायखात्यातली. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता, पण उच्चवर्णीय घरांतल्या बालविधवांपर्यंत तो पोचलाच नव्हता. त्यांच्यातल्या एखादीला दिवस गेले, की घरचे तिला पंढरीला धाडत. वारीचे निमित्त झाकायला पुरेसे. मूल मारायचे किंवा कुठेतरी टाकून द्यायचे, आणि उघडकीला आले तर शिक्षा भोगायची त्या बाईनेच. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्येच आपल्या घरात अशा बायकांची बाळंतपणे सुरू केली होती. त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत अशाच एका विधवेचा मुलगा. पंढरपूरचे गृह त्याच वाटेवरचे. लगेच १८७६-७८चा दुष्काळ आला आणि पोरकी पोरे दाराशी आली. गृहाचे अनाथालय झाले. आज ते नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखले जाते.

आता तत्त्वांकडे येऊ. मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्ये व्यक्तिसहाय्याची पद्धत ग्रंथात मांडली, फेलिक्स बीस्टेक यांनी १९५७ मध्ये नात्याची सात तत्त्वे सांगितली: स्वीकार, गोपनीयता, दोषारोप न करणे, स्वनिर्णय वगैरे. ही तत्त्वे मला मान्यच आहेत. पण आलेल्या बाईवर ठपका न ठेवता तिला आत घेणे, तिची वाच्यता होऊ न देणे, मूल ठेवून परत जायचे की राहायचे हे तिचे तिला ठरवू देणे, याशिवाय असे घर एक दिवस तरी चालले असते का? गरजेपोटी माणसे जे आधीच करत होती, त्याला पुढे नाव मिळाले.

भारत सेवक समाज १९०५, विठ्ठल रामजी शिंद्यांचे निराश्रित साहाय्यकारी मंडळ १९०६, पुण्याचे सेवासदन १९०९, ना. म. जोशींची सोशल सर्व्हिस लीग १९११. पंढरपूरच्या मागून आलेल्या संस्थांची ही यादी वाचकांना पाठ आहे.

आमच्या सोलापूर जिल्ह्यातले उलटे उदाहरण मात्र सांगितलेच पाहिजे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापुरात सेटलमेंट वसली. तारेच्या कुंपणात कैकाडी, पारधी, टकारी कुटुंबे कोंडली. शाळा दिली, गिरणीत काम दिले आणि वर हजेरी लावली. सुधारणेचा सगळा सरंजाम हजर, स्वनिर्णय तेवढा नाही. त्याला कल्याणकार्य म्हणणारे लेख मी वाचले आहेत आणि प्रत्येक वेळी संतापलो आहे. ३१ ऑगस्ट १९५२ला ही माणसे विमुक्त झाली. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षे उलटली होती.

गाडगेबाबांना अभ्यासक्रमात एका परिच्छेदात उरकतात, ते तर मला अजिबात सहन होत नाही. बाबा आधी गाव झाडत, मग भाकरी मागत. देवळाच्या पायरीवरूनही ज्यांना हाकलत, त्यांना वारीत रात्री पाठ टेकायला जागा नाही हे बाबांनी पाहिले आणि पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे १९४९ मध्ये ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली, मुलांच्या वसतिगृहासाठी. देवळाचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये इथेच उपोषण केले. भुकेल्याला घास देणे एक, आणि त्याला दाराबाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेला हात घालणे दुसरे. वारीत अन्नदान करणे हेच समाजकार्य, असे आमच्याकडचे काही कीर्तनकार अजून सांगतात. अन्नदान मोठेच आहे. पण चोखोबांच्या वाटेचे माणूस पंगतीत बसते की पंगतीबाहेर, हे विचारल्यावाचून समाजकार्य सुरू होत नाही.

१९७२च्या दुष्काळात आमच्या भागात खडी फोडायची कामे निघाली. मी तेव्हा पोरसवदा, मस्टर लिहायला बसायचो. सुकडी आणि मिलो खाऊन माणसे जगली. पण वि. स. पागे यांच्या आग्रहातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, तेव्हा मागेल त्याला काम हा हक्क झाला. दयेकडून हक्काकडे जाणे मी या डोळ्यांनी पाहिले.

म्हणून आजचे पाहवत नाही. दिवाळी आली की फराळाची पाकिटे, हिवाळ्यात चादरी, आणि घेणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्याकडे वळवलेला. आश्रमातल्या मुलांचे वाढदिवस पाहुणे येऊन साजरे करतात आणि फोटो रात्रीच्या आत गावभर फिरतात. गोपनीयतेवर पानेच्या पाने लिहून पास झालेली मुलेही त्या फोटोत उभी असतात. क्षेत्रकार्याची वही भरण्यापुरती ती येतात, शनिवारी परत जातात.

सोलापूर जिल्ह्यात समाजकार्य शिकवणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. पहिल्या सत्राचे क्षेत्रकार्य पंढरपुरात ठेवा. वारी संपून गर्दी ओसरली की मागे राहिलेल्या म्हाताऱ्या बायका कुठे झोपतात, त्यांना गावी परत का जायचे नाही, ते मुलांना ऐकू द्या. आणि त्या वेळी मोबाईल काढून घ्या.